रविवारी गोळ्या मोजणारी आत्या

माझ्या धाकट्या आत्याइतका संशयी माणूस विजयदुर्गापासून बांद्यापर्यंत अख्ख्या जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. बाकीची माणसं शेजाऱ्यावर संशय घेतात, भावकीवर घेतात, कुंपण कोणी हातभर पुढे सरकवलं असेल याचा संशय मनात धरून म्हातारी होतात. आत्याला असल्या किरकोळ गोष्टींत रस नव्हता. तिचा संशय औषधावर. बाटलीत जे लिहिलंय तेच आहे कशावरून, चिठ्ठीवर डॉक्टरांनी जे लिहिलंय तेच त्यांना लिहायचं होतं कशावरून, आणि समोर हात पसरून उभा असलेला माणूस तोच कशावरून, या तीन प्रश्नांनी तिचं सगळं आयुष्य व्यापलं होतं. देवगडच्या पुढे, आमच्या गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रात ती तीस-एक वर्षं नर्स होती. सरकारने तिला औषधं द्यायला ठेवलं होतं, आणि ती जमेल तितक्या उशिरा ती देत असे. लग्न केलं नाही. केंद्राच्या मागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. तिच्या वहिनीच्या, म्हणजे माझ्या आईच्या हातची सोलकढी तिला लागायची. तीसुद्धा ती वास घेऊन, ढवळून आणि आज केली की काल केली हे विचारूनच प्यायची.

तिच्याकडून औषध मिळवायचं तर आधी पूर्ण नाव सांगावं लागे. दरवेळी. माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, एकदा ताप आला होता. गोळी हातात धरून ही समोर उभी. म्हणाली, "नाव सांग." वडील तापाने फणफणलेले. "आगो, मी तुझो भाव." आत्या म्हणाली, "भाव ह्यां नाव नाय. नाव सांग." वडिलांनी स्वतःचं, बापाचं आणि आडनाव असं सगळं सांगितलं, तेव्हा कुठे गोळी सुटली. पण तिचंही चुकत नव्हतं. आमच्या गावात आडनावं दोन आणि पुरुषांची नावं मोजून सहा-सात. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची दोन माणसं पडलेली मी पाहिली आहेत. आत्या त्यांना नावासोबत होडीचं नाव विचारायची. खरी पंचाईत व्हायची ती बायकांची. नवऱ्याचं औषध न्यायला म्हातारी आलेली असायची आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. "आमच्या घरातल्यांचा औषध," एवढंच. आत्या हलायची नाही. शेवटी एका मासे विकणाऱ्या म्हातारीने टोपली खाली ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि भर रांगेत उखाणा घेतला, "टोपलीत बांगडे, वर केळीचं पान, विठोबारावांचा खोकला, सिस्टरांचा मान." रांगेतल्या बायका खूश झाल्या. तेव्हापासून आमच्या आरोग्य केंद्रात औषधवाटपाच्या दिवशी, सोमवारी आणि गुरुवारी, उखाणे ऐकू येत, आणि आत्या गंभीर चेहऱ्याने त्यातलं नाव वहीतल्या नावाशी ताडून पाही.

कपाटातून बाटली काढताना एकदा, औषध ओतताना एकदा आणि बाटली परत ठेवताना एकदा, असं तीनदा लेबल मोठ्याने वाचायचं, हा तिचा दुसरा नेम. केंद्रात ठीक होतं. पण रविवारी ती हा नेम घेऊन आमच्या स्वयंपाकघरात शिरायची. आईच्या सगळ्या बरण्यांना तिने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कुळथाचं पीठ, उघडल्याची तारीख. मालवणी मसाला, भरल्याची तारीख. आमटीत मीठ घातलं की नाही याची आईला शंका आली की आत्या विचारायची, "कोणी घातलां? कितक्या वाजता? लिवन ठेवलंस?" आई हसून हात जोडायची. चमच्याचंही तसंच. डॉक्टर सांगत, 'पोराला एक चमचा द्या', आणि आमच्याकडची एखादी आई भात वाढायच्या डवलीने पोराला खोकल्याचं औषध पाजायची. हे एकदा उघडकीला आल्यावर आत्या आठ दिवस घरोघर हिंडून "चमचो दाखव" म्हणत होती. बायकांना वाटलं, सरकारने चमच्यांवर कर बसवला.

माणसाकडे नुसतं माणूस म्हणून बघणं तिला जमलंच नाही. ती आधी नखं बघायची, मग डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त बघायची, मग मनगटावरचं घड्याळ बघत श्वास मोजायची, आणि हे सगळं उरकल्यावर "कधी इलंस?" विचारायची. लग्नाच्या मांडवात वरबापाचे श्वास मोजून तिने त्याला जेवणाच्या पंगतीतून उठवून आडवं केलं होतं. देवगडचा एक आंब्याचा दलाल आमची कलमं बघायला आला. झाडं बघायला जायच्या आधीच आत्याने त्याला पडवीत बसवलं, पायमोजा खाली सरकवला आणि घोट्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला. दलाल घाबरून म्हणाला, "सिस्टर, मी हापूस बगूक इल्लंय." ती म्हणाली, "हापूस पुढच्या वर्सापण येतलो. तू आजच हृदयाच्या डॉक्टराकडे जा." तो गेला आणि वाचला. त्या वर्षी आमचा आंबा मात्र भलत्याच दलालाला पडत्या भावाने गेला, आणि घरातलं कोणी तिला त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. मी बोललो. मी त्या वेळी पंचवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

तिचा खरा शत्रू होता मुंबईची गोळी. गणपतीला आणि मे महिन्यात आम्ही चाकरमानी गावी यायचो, तेव्हा सामानात मिठाई, चादरी यांच्याबरोबर औषधं असायची. कुणाला कधी काय झालं होतं म्हणून मुंबईच्या डॉक्टरने दिलेली, थोडी उरलेली, अजून चकचकीत असलेली. ती घरच्या म्हाताऱ्यांना दिली जात. केंद्रातली गोळी कागदाच्या पुडीत मिळते आणि फुकट मिळते, त्यामुळे तिच्यात दम नसणार अशी गावाची पक्की समजूत. मुंबईची गोळी चांदीच्या कागदात. ती एकाला लागू पडली की वाडीभर फिरायची. प्रेशर असलेल्याची गोळी गुडघे दुखणाऱ्याने घ्यायची, कारण "तेका गुण इलो." चाकरमानी परत गेले की आत्या कापडी पिशवी घेऊन घरोघरचे डबे तपासायला निघायची. लोक गोळ्या तांदळात लपवत, देवाच्या पाटाखाली लपवत. ती शोधून काढायची, पिशवीत टाकायची आणि केंद्राच्या खड्ड्यात पुरायची. शिव्या खायची, पण तिच्या वेळी आमच्या गावात चुकीच्या गोळीने माणूस गेलं नाही. हे मी आता सांगतो. तेव्हा मी मुंबईत गोदीतला कारकून होतो आणि ही बाई आमची अब्रू घालवते असं मला वाटायचं.

आईला साखरेचा आजार निघाला तेव्हा वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात ती एकटी. आत्याने तिची गोळी सुरू केली, रोज सकाळी पेजेबरोबर एक. आणि दर रविवारी जेवणाआधी ती पुडी उघडून राहिलेल्या गोळ्या मोजायची. एक जास्त निघाली तर चुकवलीस, एक कमी निघाली तर दोनदा घेतलीस. आई एरवी कुणाला घाबरत नसे, पण रविवारच्या मोजणीला घाबरायची. उपासाचं गणितही आत्याने तिला शिकवलं होतं. "वयनी, उपासाच्या दिवशी ही गोळी नाय घेवची. पोटात काय नाय तर ती रगतातली साखर खाता. आयकलंस मां?" आईने ऐकलं होतं. आई सगळ्यांचंच ऐकायची, हाच तिचा दोष होता.

कोकण रेल्वे सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या वर्षी गणपतीला निघण्याआधी मी आईचे जुने रिपोर्ट घेऊन ऑफिसातल्या एकाच्या ओळखीच्या डॉक्टरकडे गेलो. मोठा दवाखाना, गार हवा. त्याने विचारलं, आता काय चालू आहे. मी म्हणालो, काही नाही हो, सरकारी गोळ्या. तो म्हणाला, त्या बंद करा आणि ही द्या. मी चांदीची तीन पाकिटं घेतली आणि मुलगा म्हणून छाती फुगवून कणकवलीला उतरलो. चतुर्थीच्या दोन दिवस आधी ती आईच्या हातावर ठेवली. "मोठ्या डॉक्टराची आसा. रोज सकाळी एक. आतेक सांगू नको, उगीच किरकिर करतली." आईने पाकीट उलटसुलट करून बघितलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, "एवड्या लांबसून हाडलंस रे, झिला." सरकारी गोळी बंद करायची हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, चांगली आणल्यावर वाईट कोण घेईल.

आईने दोन्ही घेतल्या. पुडीतली घेतली, कारण रविवारची मोजणी चुकली असती. माझी घेतली, कारण ती मी आणली होती. दोन्ही गोळ्यांत औषध एकच होतं, नाव आणि कागद तेवढा निराळा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दोन (हरताळकेचा उपास वडील गेल्यापासून ती धरत नसे), चतुर्थीला दोन. चतुर्थीला मोदकांनी सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आईचा उपास. त्या दिवशी दुपारी आरती झाल्यावर एकदाच जेवायचं, तेही बैलाने नांगरलेलं काही नाही, नुसती ऋषीची भाजी. आत्याच्या आज्ञेप्रमाणे आईने पुडीतली गोळी घेतली नाही. आणि ती एक कमी पडली म्हणून तिच्याऐवजी माझ्या पाकिटातल्या दोन घेतल्या, सकाळी सातला, रिकाम्या पोटी. त्या गोळीला कोणी उपासाची बंदी घातली नव्हती. मी गेली कित्येक वर्षं हा हिशेब करतो आहे, आणि आईचं गणित तिच्या जागी इतकं बिनचूक आहे की मला रडायलाही जागा राहत नाही.

साडेबाराला आरती सुरू झाली. घरात पंधरा-वीस माणसं, झांजा, मृदंग. तिसऱ्या आरतीला आई डोलायला लागली. घामाने तिचं लुगडं भिजलं, डोळे एका जागी थांबले, ओठ हलायला लागले. शेजारचे भाऊकाका वाडीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी झांज थांबवली आणि म्हणाले, "अवसार इलो." म्हणजे अंगात देवी आली. आमच्याकडे हे कोणाच्याही घरी होऊ शकतं आणि ते भाग्याचं समजतात. बायकांनी आईला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, माणसं रांगेने पाया पडायला लागली आणि आपापले प्रश्न विचारायला लागली. भाऊकाकांनी विहिरीला पाणी कधी लागेल ते विचारलं. एकीने मुलीच्या लग्नाचं विचारलं. आणि मीही विचारलं. मी पदवीधर माणूस. हात जोडून, स्वतःच्या आईसमोर गुडघे टेकून मी विचारलं की माझी बढती या वर्षी होईल का. आईने माझ्याकडे बघितलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "पेज." पुन्हा म्हणाली, "पेज." भाऊकाकांनी अर्थ लावला की देवीला पेजेचा नैवेद्य पाहिजे. लगेच चुलीवर तांदूळ चढले. पेज झाली, वाटीत वाढली, वाटीवर तुळशीचं पान ठेवलं आणि ती वाटी आम्ही गणपतीसमोर ठेवली.

दोन वाजता ड्युटी संपवून आत्या आली. दारातच चपला काढता काढता तिने आईकडे पाहिलं आणि एक चपल पायात तशीच ठेवून आत धावली. कपाळाला हात लावला, मनगट धरलं. "वयनी, तुझा नाव सांग." आईचे ओठ हलले नाहीत. "कितको वेळ झालो?" कोणी म्हणालं दीड तास. भाऊकाका म्हणाले, "सिस्टर, देवी आसा, हात लावू नकात." आत्या म्हणाली, "देवीक घाम येना नाय, भाऊकाका. साखर उतरली हा तिची." कुणीतरी घाबरून गणपतीसमोरची पेजेची वाटी उचलून आणली. आत्याने ती हाताने अडवली. "आता नको. घोट गिळूक येवचो नाय तिका, छातीत जायत." आंब्याच्या टेम्पोत घालून आम्ही आईला केंद्रात नेलं. बोटाला सुई टोचून यंत्राने जो आकडा दाखवला तो बघून तिथला तरुण डॉक्टर दुसऱ्यांदा टोचायला लागला.

शिरेतून साखरेचं पाणी गेलं आणि दहा मिनिटांत आईने डोळे उघडले. बाहेर व्हरांड्यात भाऊकाकांनी गणपतीच्या नावाने जयजयकार केला. डॉक्टर म्हणाला, "उपासामुळे झालं. सलाईन संपलं की खायला द्या, संध्याकाळी घरी न्या." आत्याचा चेहरा मात्र सुटला नव्हता. तिला कळेना. गोळी तर आज घेतलेलीच नाही, मोजणी बरोबर आहे, मग साखर इतकी उतरते कशी? तिने मला खाटेजवळच विचारलं, "वयनीन आणखी काय घेतलान?" मी म्हणालो, काय नाय. थोड्या वेळाने परत आली. "तू मुंबयसून काय काय हाडलंस?" मी म्हणालो, मिठाई आणि चादरी. तिसऱ्यांदा तिने मला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि केसपेपर टेबलावर ठेवून पेन उघडलं. या वेळी ती आमच्या बोलीत बोलली नाही. बाहेरच्या माणसांशी बोलायची तशी म्हणाली, "तुम्हाला रुग्णाचे नातेवाईक म्हणून विचारते आहे. रुग्णाला आणखी कुठलं औषध दिलं आहे का?"

मी नाही म्हणालो. का म्हणालो हे मला आजही नीट सांगता येत नाही. बाहेर सगळी वाडी उभी होती. पंचवीस वर्षं ही बाई ज्या गोळ्यांच्या मागे लागली होती, त्या तिच्या स्वतःच्या घरात मी लपवून आणल्या होत्या. आणि आई तर शुद्धीवर आली होती, आता काय बिघडणार आहे असं मला वाटलं. आत्याने केसपेपरवर लिहिलं, 'इतर औषधे: नाही.' आयुष्यभर तिने लेबलावर विश्वास ठेवला नाही, डॉक्टरांवर ठेवला नाही, देवावर फारसा ठेवला नाही. माझ्यावर ठेवला.

चार वाजता सलाईन संपलं. आईला चहा-बिस्किट दिलं, तिने ते खाल्लं आणि ती झोपली. झोपली असं आम्ही समजलो. गोळीचा जोर अजून उतरला नव्हता. साडेपाचला आत्या नुसतं बघायला म्हणून खाटेजवळ गेली, तर आईचे हातपाय झटके देत होते. परत सुई, परत सलाईन, पण या वेळी डोळे उघडायला फार वेळ लागला. आत्या तडक आमच्या घरी गेली आणि अर्ध्या तासात परत आली. तिने डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी सांगितलं, केसपेपर मागून घेतला आणि त्यात काही लिहिलं. त्याच टेम्पोने आईला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत आत्या तिच्या उशाशी बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, मला वाटलं ती काळजीत आहे.

आई वाचली, पण सगळी परत आली नाही. पुढची तीन वर्षं ती पडवीत बसून असायची. आत्याला ओळखायची, चूल ओळखायची, वडील बाजारातून यायची वेळ झाली की दाराकडे बघायची. मी सुटीत घरी आलो की पदर सावरून म्हणायची, "तुमी मुंबयचे मां? बसा. च्या घेतलात?" मी चहा घेत असे. आत्या क्वार्टर सोडून आमच्या घरी राहायला आली. सकाळी आईला न्हाऊ-माखू घालून ड्युटीवर जायची, दुपारी येऊन भरवायची. बायकोने आईला मुंबईला आणायचं सुचवलं, तर मीच खोलीच्या आकाराचं कारण सांगितलं. खरं कारण असं की मला रोज सकाळी त्या नजरेसमोर 'मुंबयचो' म्हणून उभं राहवणार नव्हतं.

आणि गावाने निकाल लावून टाकला होता. साखरेच्या गोळ्या कोणी दिल्या होत्या? सिस्टरने. म्हणजे सिस्टरच्याच गोळीने वहिनी खाल्ली. चाळीस घरांचे डबे उलटेपालटे करणाऱ्या बाईच्या घरातच हे व्हावं, यात लोकांना एक प्रकारचं समाधान होतं. पुढच्या गणपतीनंतर आत्या तिची कापडी पिशवी घेऊन निघाली, तेव्हा पहिल्याच घरात तिला कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, पयलां तुमच्या घरातलां बगा." ती तिथूनच परत फिरली. रिकामी पिशवी घडी करून तिने कपाटात ठेवली, आणि पुन्हा कधी डबे बघायला गेली नाही. केंद्रात बायका गोळ्या घ्यायच्या आणि वळणावरच्या गटारात टाकायच्या. उखाणे बंद झाले. ती नाव विचारायची, तर लोक हसून दुसऱ्याचंच नाव सांगायचे. मी सुटीत आलो की हे सगळं ऐकायचो आणि म्हणायचो, "सोड गो आते, लोकांक काय कळता." एवढं बोललो की मला बरं वाटायचं.

आई गेली त्यानंतर दोन वर्षांनी आत्या निवृत्त झाली. केंद्राच्या आवारात छोटासा समारंभ होता. खुर्च्या पन्नास मांडल्या होत्या, माणसं बारा. मला नातेवाईक म्हणून बोलायला सांगितलं. मी मुंबईहून निघतानाच ठरवलं होतं की आज सांगायचं. माईकसमोर उभा राहिलो. भाऊकाका पहिल्या रांगेत होते, काठीवर हनुवटी ठेवून. मी आत्याच्या शिस्तीबद्दल बोललो, सेवावृत्तीबद्दल बोललो, चमच्यांचा किस्सा सांगितला, लोक हसले. मग मी खाली बसलो. आत्याला शाल आणि नारळ मिळाला. तिने शालीवरची चिठ्ठी वाचली, उलटून पुन्हा वाचली.

घरी चालत येताना खाडीच्या पुलावर मी थांबलो आणि सांगितलं, "आते, ती गोळी मी हाडललंय."

ती कठड्याला टेकली. "म्हायत आसा. त्याच सांजे गावली. तांदळाच्या डब्यात होती. चार घरां रिकामी होती पाकिटाची, एक, एक आणि दोन. पुडीतल्यो गोळयो बरोबर होत्यो." ती बोटांनी मोजून दाखवत होती. "मगे समजलां वयनीन काय केल्यान तां."

"मग बोललंस कित्याक नाय? लोकांका तरी सांगूचां होतां."

"वयनीन डोळे उगडल्यान तेव्हा पयलां माका काय सांगितल्यान, म्हायत आसा? झिलाक काय बोला नको. माका तेव्हा अर्थ लागलो नाय, बरळता म्हटलां." मग ती म्हणाली, "पेशंट जां सांगता तां आमी आयकतो. डॉक्टरांक मी खरां तां लिवन दिलंय. गावाक सांगूचा कागद नाय माझ्याकडे."

मी म्हणालो, मी उद्या सगळ्यांना सांगतो, भाऊकाकांच्या घरी जातो, सगळी वाडी गोळा करतो. ती खाडीकडे वळली. म्हणाली, "तां तुझा तू बग. माका लागता तां दुसरांच. तीन फावट मी तुका विचारलंय. तिसऱ्या फावटीक तू माझ्या तोंडाकडे बगूक नाय. दुसरो कोण असतो तर मी तेव्हाच उठान घर शोधलंय असतां. तू होतंस म्हणान लिवलंय. 'नाही' असां माझ्या हातान लिवलंय, खातरी करूक नाय. दोन तास गेले त्यात." मी उद्या म्हटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळची माझी गाडी होती, आणि मी त्या गाडीने गेलो.

आता लिहून टाकलं आहे. गावात पुस्तकं कोणी विकत घेत नाही, भाऊकाका गेल्या वर्षी गेले, तेव्हा या लिहिण्याने कोणाचं काही भरून येणार नाही हे मला कळतं. आत्या आमच्या घरी एकटी असते. केंद्राकडून येणारा रस्ता आमच्या कुंपणाला लागून जातो. गेल्या मे महिन्यात मी पडवीत बसून बघत होतो. औषधं घेतलेली माणसं जाताना दिसली की ती हातातलं काम टाकून उठते, अंगणातून चालत फाटकापर्यंत जाते. पिशवीत काय आहे ते तिला दिसत असणार, नखं आणि पायही दिसत असणार. ती फाटकाला हात लावून उभी राहते, माणूस पुढे निघून जातो, आणि ती काही न विचारता परत येऊन तांदूळ निवडायला बसते.